साठीनंतर चालल्याने गुडघे झिजत नाहीत
फॅमिली ग्रुपवर फिरतंय की साठीनंतर चालू नका, गुडघे झिजतात, नुसता प्राणायाम पुरे. हे चुकीचं आहे. उलट गुडघ्याच्या संधिवातात व्यायाम हाच मुख्य उपचारांपैकी एक, कारण मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्यावरचा ताण कमी होतो. प्राणायाम जरूर करा पण त्याने पायात ताकद येत नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या गाइडलाइन्समध्ये 65 च्या पुढच्यांनाही आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम, 2 दिवस ताकदीचा आणि 3 दिवस तोल सांभाळायचा सांगितलाय. ताडासन, वृक्षासन भिंतीला धरून करा. हाडं ठिसूळ असतील तर कमरेतून खोल वाकणं टाळा, काचबिंदू असेल तर शीर्षासन नकोच. आईबाबांना कृपया घरी बसवून ठेवू नका.