‘फ्यूज कायले पाहिजे?’ म्हणणाऱ्या त्या व्हिडिओला उत्तर

गाडीत झोपायची सोय करणाऱ्यांसाठीचा एक व्हिडिओ सध्या आमच्याकडे ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्याचं म्हणणं असं: घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी दिवाणाखाली ठेवा, वास येऊ नये म्हणून खोका सिलिकॉननं बंद करा आणि गाडीच्या बॅटरीला थेट जोडून टाका. फ्यूज आणि आयसोलेटर (दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, म्हणजे रिले) ही दुकानदारांची लूट, कारण १२ व्होल्टचा शॉक लागतच नाही. परवा माझ्या भाच्यानं तो मला पाठवला. त्यानं जुनी ट्रॅव्हलर घेतलीय, शेगाव-माहूरला घरच्यांना न्यायला. खाली लिहिलं होतं, ‘मामा, तुमी उगाच खर्च सांगत होते, हे पाहा.’ मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. त्या दिवाणावर त्याची लेकरं झोपणार आहेत, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो.

आधी ते सिलिकॉन. लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की आतल्या पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतो. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की एका ठिणगीनं स्फोट होऊ शकतो, आणि ठिणगी रिलेची किंवा सैल टर्मिनलचीही पुरते. बरं, हायड्रोजनला वास नसतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर बॅटरी जास्त चार्ज होतेय, हा इशारा असतो. हा माणूस इशाराच कोंडायला सांगतो, आणि गॅससुद्धा! हायड्रोजन हलका, वर जातो. म्हणून खोक्याला खालून हवा आत यायला भोक आणि वरून थेट गाडीबाहेर जाणारी नळी हवी. मेंटेनन्स-फ्री बॅटरीलाही व्हॉल्व्ह असतो, जास्त चार्ज झाली तर तीही गॅस सोडते. त्यात आपल्याकडचा मे महिना, बाहेरच ४५ अंश. तापलेल्या बॅटरीला नेहमीचं व्होल्टेजही जास्त होतं. गॅसचं सिलिंडर त्याच कप्प्यात तर मुळीच नको.

जुन्या इन्व्हर्टर बॅटरीचं अर्धं खरं आहे, मान्य करतो. ट्युब्युलर बॅटरी हळूहळू रिकामी व्हायलाच बनवलेली असते, पंखा-लाइटला ती स्टार्टरच्या बॅटरीपेक्षा बरी. पण १५० एएचची भरलेली बॅटरी पन्नास किलोच्या वर जाते. चिखलदऱ्याच्या घाटात ती पट्ट्यानं आवळलेली नसेल तर ॲसिडसकट घसरेल.

‘१२ व्होल्टचा शॉक लागत नाही.’ नाही लागत. पण आग शॉकनं लागत नाही, करंटनं लागते. बॅटरी शॉर्ट झाली की हजारांवर अँपिअर सुटू शकतात. पॉझिटिव्हचा नट सोडताना पाना बॉडीला टेकला तर तिथंच चिकटतो आणि लाल होतो. हातात कडं असेल तर हाताचं काय होईल ते सांगायला नको. म्हणून निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची.

‘जाड वायर घेतली की फ्यूज नको’ हे तर उलटंच आहे. जाड वायर शॉर्टमध्ये लवकर तुटत नाही, तापत राहते आणि शेजारचं प्लायवूड पेटवते. व्हिडिओवाला म्हणतो, कंपनीसुद्धा स्टार्टरच्या वायरला फ्यूज देत नाही. बहुतेक गाड्यांत खरं आहे. पण अमेरिकेत बोटींच्या वायरिंगसाठी ई-११ हे मानक आहे, तिथंही लोक बॅटरीशेजारीच झोपतात. त्यात स्टार्टरच्या वायरला सूट आहे. बाकी बॅटरीतून निघणाऱ्या पॉझिटिव्ह वायरला मात्र ७ इंचांच्या आत फ्यूज सांगितलाय, वायर पाइपात असेल तर जास्त अंतर चालतं. दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या वायरला दोन्ही टोकांशी फ्यूज लागतो, कारण करंट दोन्हीकडून येतो. आणि फ्यूज पंख्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर जेवढं सोसते त्याच्या आतला घ्यायचा.

थेट जोडणीत रात्रभर पंखा दोन्ही बॅटऱ्या पितो. सकाळी स्टार्टर नुसता टिकटिक करतो. दिवाणाखालची भरलेली असली, तर सेल्फ मारताना स्टार्टर त्या मधल्या वायरीतूनही करंट ओढतो आणि ती वितळू शकते. आयसोलेटर रिले याचसाठी असतो. साधारण १३.३ व्होल्टला जोडतो, १२.८ला तोडतो. बीएस-६ गाडीत स्मार्ट अल्टरनेटर (गरजेप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करणारा चार्जिंगचा डायनामो) असेल तर हा रिले गोंधळतो, तिथं डीसी-डीसी चार्जर घ्या. लिथियम बॅटरीलाही तोच. नुसत्या रिलेवर ती अल्टरनेटर तापवते. शिवाय ट्रकला असतो तसा कट-ऑफ स्विच बसवा, गादी न उचलता हात पोचेल असा.

ज्यांनी व्हिडिओ पाहून खोका आधीच बंद केलाय, त्यांनी चार्जिंग आणि इंजिन बंद करावं, दारं उघडून गाडी मोकळी सोडावी, विडी-सिगारेट लांब ठेवावी. सिलिकॉन ब्लेडनं कापायचं, ग्राइंडर लावायचा नाही. खोका उघडल्यावर पुन्हा थोडा वेळ हवा खेळू द्या, मग निगेटिव्हचा नट सोडा.