बाहेरच्या कॉलना पिन लावला, आता चिंता नाही?

"बाहेरच्या कॉलना चार आकडी पिन लावा, तोच सगळ्या स्टाफला सांगा, बिलाची कटकट संपली. पाच मिनिटांचं काम." फ्रीपीबीएक्स (ऑफिसचे फोन चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलेल्या गोव्यातल्या छोट्या ऑफिसांत आणि गेस्ट हाउसांत हा सल्ला सर्रास फिरतो. पिन लावावा, यात वाद नाही. पण सल्ला जसाच्या तसा पाळला तर नुकसानच होईल.

"बाहेरच्या कॉलना पिन लावा." पिन फोनला लागत नाही, आउटबाउंड रूटला, म्हणजे कुठला नंबर कुठल्या लाइनने बाहेर जाईल त्या नियमाला लागतो. रूट वरून खाली तपासले जातात आणि जो आधी जुळेल तो कॉल घेऊन जातो. समजा, एसटीडीचा बिनपिनचा रूट वर आहे आणि त्याचा पॅटर्न '०.' म्हणजे शून्य आणि पुढे काहीही. आयएसडीचा '००.' हा पॅटर्न पिनसकट खाली आहे. दुबईसाठी ००९७१ दाबलं की दुसरा शून्यही 'काहीही'त बसतो आणि कॉल पिन न विचारता वरच्या रूटने जातो. घरचा पुढचा दरवाजा कुलूपबंद आणि मागचं दार सताड उघडं, तशी ही गत. एसटीडीच्या पॅटर्नमध्ये शून्य, मग झेड, मग नऊ एक्स लिहा. झेड म्हणजे १ ते ९, एक्स म्हणजे कुठलाही आकडा. गोव्याचा कोड ०८३२ आणि पुढचे सात आकडे मिळून अकरा होतात. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइललाही आधी शून्य लागतो, म्हणजे तेही अकराच. एका पॅटर्नमध्ये दोन्ही बसतात.

"सगळ्याच रूटना लावा," असंही कोणी सांगतं. हे तर घातकच. ११२, १००, १०१ आणि १०८ या आपत्कालीन नंबरांचा वेगळा रूट करा, त्याला पिन नको, आणि तो सगळ्यात वर ठेवा. गेस्ट हाउसवाल्यांनी आणखी एक पाहावं: खोली क्रमांक हाच एक्स्टेन्शन नंबर (आतल्या फोनचा नंबर) ठेवला असेल तर ११२ दाबल्यावर पोलिसांना नव्हे, ११२ नंबरच्या खोलीत फोन वाजतो, कारण आतले एक्स्टेन्शन आधी जुळतात. १०१ आणि १०८ चंही तेच. खोल्यांना चार आकडी एक्स्टेन्शन द्या, ११२ ऐवजी २११२.

"तोच पिन सगळ्यांना." मग कॉल कोणी केला ते कळणार कसं? आणि एक माणूस नोकरी सोडून गेला की सगळ्यांचा पिन बदला! फ्रीपीबीएक्सच्या 'पिन सेट्स' पानावर नवा सेट करून एका ओळीत एक, असे प्रत्येकाचे वेगळे पिन लिहा, चारऐवजी सहा आकडी. 'रेकॉर्ड इन सीडीआर' (सीडीआर म्हणजे कॉलची नोंदवही) चालू करा, रूटमध्ये तो सेट निवडा, सबमिट करा आणि वरचं 'अप्लाय कॉन्फिग' दाबा. ते दाबायचं राहिलं तर काहीच बदलत नाही. मात्र सीडीआरमध्ये टाकलेला पिन अकाउंट कोडच्या रकान्यात जसाच्या तसा उमटतो. तो रिपोर्ट जो पाहील त्याला सगळ्यांचे पिन मिळाले, म्हणून रिपोर्ट मोजक्या लोकांच्याच हाती द्या.

"बिलाची कटकट संपली." एक्स्टेन्शन २०१ चा पासवर्डही २०१ आणि ५०६० पोर्ट (फोन ज्या वाटेने सिस्टमला जोडले जातात ती) इंटरनेटवर उघडं असेल, तर बाहेरचा माणूसही त्या एक्स्टेन्शनवरून कॉल करू शकतो; मग पिन ही शेवटची, तीही पातळ भिंत. तीन वेळा चुकलं की कॉल तुटतो, पण पुन्हा लावायला मनाई नाही, आणि चार आकड्यांचे पिन १०,००० च होतात. शिवाय ज्या एक्स्टेन्शनवर 'पिनलेस डायलिंग' चालू आहे त्याला पिन विचारलाच जात नाही, ते एकेक करून तपासा. परदेशी कॉल लागतच नसतील तर तो रूटच ठेवू नका आणि लाइन देणाऱ्या कंपनीकडूनही आयएसडी बंद करून घ्या.

पिन बरोबर असून 'चुकीचा' म्हणत असेल तर शेवटी हॅशचं बटण दाबलं का ते आधी पाहा. तरी होत नसेल तर डीटीएमएफ, म्हणजे दाबलेले आकडे पाठवण्याची पद्धत तपासा: फोन आणि एक्स्टेन्शन दोन्हीकडे आरएफसी ४७३३ (जुन्या फोनवर २८३३) हवं. इनबँड (आकड्यांचे टोन आवाजातूनच पाठवणं) ठेवून जी.७२९ हा आवाज दाबून लहान करणारा कोडेक वापरला तर टोन विकृत होतात आणि आकडे गळतात.

सगळं झाल्यावर प्रत्येक प्रकारच्या फोनवरून एक मोबाइल, एक ०८३२ चा आणि एक ०० चा नंबर लावून पाहा. ०० ला मुद्दाम चुकीचा पिन द्या. ११२ मात्र चाचणीसाठी लावू नका, तो रूट सगळ्यात वर आहे आणि त्याला पिन सेट नाही, एवढं स्क्रीनवर पाहा.