काझा–मनाली प्रवासाबद्दल तुम्ही दिलेल्या एक स्टारला उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा अभिप्राय कालपासून चार वेळा वाचला. हिमाचलच्या स्पितीतल्या काझ्याहून सात तासांत मनालीला पोहोचवतो म्हणून सांगितलं आणि वाटेतल्या बातलच्या ढाब्यात रात्र काढायला लावली, ऑफिसने घरच्यांना खोटं सांगितलं, मनालीच्या हॉटेलचे पैसे बुडाले, आणि ड्रायव्हर घाबरट निघाला, असं तुम्ही लिहिलंय. ड्रायव्हरचं सोडून बाकी सगळं खरं आहे.

सात तास हे आमच्याच पत्रकात छापलं होतं. अंतर २०० किलोमीटरच्या आसपास, वाटेतल्या लोसर गावापर्यंत बराचसा डांबरी रस्ता, आणि २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा घाटही चढावा लागत नाही. त्या भरवशावर आम्ही आकडा टाकला. पण लोसरपुढची कुंझुम खिंड उतरलं की मनालीच्या रस्त्याला लागेपर्यंत, म्हणजे ग्राम्फूपर्यंत, नुसते नदीकाठचे गोटे. तिथे तासाला १५ किलोमीटर झाले तरी पुष्कळ.

दुसरी चूक त्याच दिवशी सकाळची. काझ्याजवळच्या हिक्कीम गावच्या, उंचावरचं म्हणून प्रसिद्ध असलेल्या पोस्टातून पत्रं टाकायची राहिली, असं ग्रुपमधून कुणीतरी म्हणालं आणि आमच्या टूर मॅनेजरने गाडी तिकडे वळवली. हौस तुमची होती, पण नाही म्हणायचं काम आमचं होतं. तीन तास तिथेच गेले.

त्या तीन तासांनी काय बिघडलं ते सांगतो. तिकडे हिमनदीवरून येणाऱ्या ओढ्याला नाला म्हणतात. रात्रीच्या थंडीत बर्फ वितळायचं मंदावतं, म्हणून पहाटे पाणी सगळ्यात कमी असतं. ऊन चढेल तसं ते वाढतं आणि दुपारनंतर जोरात येतं. जुलैत तर विचारूच नका. तुम्ही बातलच्या पुढच्या नाल्यावर पोहोचलात तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. ड्रायव्हर खाली उतरून दहा मिनिटं काठावर उभा होता, ते तुम्हीही लिहिलंय. तो पाण्याखालचे दगड ऐकत होता. गोटे गडगडत असले की कालचा तळ आज राहत नाही, चाक कुठे बसेल याचा नेम नसतो. तुमच्यासमोर एक जीप पार झाली हे खरं, पण ती उंच होती आणि चारही चाकांनी ओढणारी होती. आपली टेम्पो ट्रॅव्हलर, आत १२ माणसं, त्यात तुमच्या आई. त्याने गाडी मागे फिरवली. मी तिथे असतो तर मीही हेच केलं असतं. पहाटे साडेपाचला तोच नाला तुम्ही चाक जेमतेम भिजवून ओलांडलात.

ऑफिसचं मात्र माफ करण्यासारखं नाही. त्या पट्ट्यात फोन लागत नाही. तुमच्या भावाने रात्री दहाला विचारलं तेव्हा “माहीत नाही, शोध घेतोय” एवढंच सांगायला हवं होतं. आमच्या माणसाने अंदाजाने “पोहोचले” म्हणून सांगितलं. तुमच्या घरी ती रात्र नंतर कशी गेली असेल, ते मला कळतं.

पत्रक बदललंय: १० ते १२ तास, काझ्याहून पहाटे पाचला निघणे, नाला चढला तर मुक्काम. मनालीच्या त्या रात्रीचे पैसे सगळ्या बारा जणांना याच आठवड्यात परत करतोय. स्टार एकच राहू दे, मॅडम. फक्त ‘घाबरट’ हा शब्द तेवढा काढा. तो माणूस हे वाचतो.