मृगातला ढग आणि एक टक्क्याचा वाद

परवा रात्री कट्ट्यावर बसून मृगाच्या बाणाखालचा पुसट ठिपका, म्हणजे तारे जन्माला घालणाऱ्या मृगातल्या वायूच्या ढगाचा उजळ भाग, दुर्बिणीतून पाहता पाहता वादाला तोंड फुटले. आमच्यातला अभियंता म्हणाला, "आकाशगंगेतल्या रेणुरूप वायूचे, म्हणजे ज्यातून तारे घडतात त्या थंड वायूचे, वस्तुमान सूर्याच्या सुमारे १ अब्ज पट आहे. नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या हाती सोपवला, तर तो काही दशलक्ष वर्षांत कोसळून वर्षाला शंभराहून अधिक सूर्य घडायला हवेत. प्रत्यक्षात घडतात जेमतेम दोन सूर्यांइतके तारे. मग बाकीचा माल अडतो कुठे?"

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मित्राने सारे खापर थोरल्या ताऱ्यांवर फोडले. त्या ठिपक्याच्या मध्यावर सूर्याच्या तिसेक पट वस्तुमानाचा एक तारा आहे. त्याच्या अतिनील प्रकाशाने तापलेला वायू उधळून निघून जातो आहे, त्यामुळे पुढच्या ताऱ्यांना कच्चा माल उरत नाही, असे त्याचे म्हणणे.

मला ते अपुरे वाटले. ययाती नक्षत्राच्या दिशेला कॅलिफोर्निया नावाचा ढग आहे. मृगातल्या ढगाप्रमाणेच त्याचे वस्तुमान सुमारे १ लाख सूर्यांइतके, आणि अंतरही फार वेगळे नाही: मृगाचा सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर, हा सुमारे १,५००. तरीही लाडा, लोंबार्डी आणि आल्व्हेस या खगोलशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की तिथली ताऱ्यांची निपज मृगाच्या साधारण एक दशांश आहे. उधळून लावणारे प्रखर तारेच जिथे थोडे, तिथे निपज आणखी कमी कशी?

मी विटेच्या तुकड्याने कट्ट्यावर अपूर्णांक मांडला: वर तारे, खाली वायू. छेदस्थानी अख्खा ढग लिहिला तर दोन ढगांची उत्तरे दसपट वेगळी येतात. घनसेंटिमीटरला सुमारे १०,००० रेणूंहून दाट असलेला वायूच तेवढा लिहिला, तर ती बरीच जवळ येतात. कॅलिफोर्नियात असा दाट वायू फार थोडा आहे. म्हणून "ढगाची कार्यक्षमता" हा शब्दप्रयोगच मला फसवा वाटतो. मोजायचा तो दाट गाभा.

शिक्षक मित्र मात्र हटला नाही. "दाट वायू कोसळायला लागणारा काळ आणखी कमी, आणि तेवढ्या काळात त्यातलाही एखाद-दुसरा टक्काच तारा होतो. तुझा छेद बदलला, टक्का तोच राहिला." हा घाव वर्मी बसला, हे मी मान्य केले. मग तिघेही वायूतल्या खळबळीकडे आणि चुंबकीय क्षेत्राकडे वळलो. वायूचे कोसळणे रोखण्यात त्यातला कोणाचा वाटा किती, यावर मृग डोक्यावर येईपर्यंत आमचे एकमत झाले नव्हते.