परागंदा व्हायचंय? आधी कागद जमवा

देशासाठी घरदार सोडून सीमेपलीकडे जायचा विचार असेल, तर खुशाल जा. मात्र स्वातंत्र्य मिळाल्यावर परतही यावं लागतं, आणि खरी लढाई तिथून सुरू होते. म्हणून, पोर्तुगीज गोव्यातून परागंदा झालेल्या माझ्या वडिलांच्या अनुभवावरून या सूचना.

मुख्य सूचना, पकडले जा. माझे वडील इथेच फसले. 1955 साली पोर्तुगीज पोलीस दारात यायच्या आत रानातून सीमेपलीकडे बांद्याला उतरले आणि पुढे बेळगावच्या छापखान्यात खिळे जुळवत बसले. 1972 साली केंद्राची निवृत्तिवेतन योजना आली, तिची ठळक अट सहा महिने तुरुंगवास! भूमिगत होतात? हरकत नाही, फरारी ठरवल्याचा हुकूम दाखवा. पळताना तो पोलिसांकडून शिक्क्यासकट मागून घ्यायला काय झालं होतं?

घरचं सोनं बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेत गहाण ठेवू नका. 1961 मध्ये ते लिस्बनला गेलं, परतलं 1991 मध्ये.

साक्षीदार वयाने लहान निवडा.

आणि नोकरी? ती सोडूच नका. पोर्तुगीज अमदानीतल्या कर्मचाऱ्यांना सामावून घ्यायला 1965 मध्ये खास कायदा झाला. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पोट सगळ्यांनाच असतं. पण बेळगाव-मुंबईहून परतलेल्यांना सामावून घेणारा कायदा कुठाय? वरच्या खुर्च्यांवर डेप्युटेशनवाले, खालच्यांना वयाची अट. वडिलांचं वय तोवर उलटलेलं. छापखाना टाकायला कर्ज मागितलं, तर तारण काय म्हणे. तारण? सहा वर्षं परमुलखात काढलेला माणूस तारण कुठून आणणार? त्यांचा अर्ज त्यांच्या हयातीत लोंबकळला, आता आईची फाइल लोंबकळतेय. परवा एका कार्यालयात टेबलापलीकडचे साहेब मोबाइलवरून नजर न उचलता तिला म्हणाले, "जेलमध्ये नव्हते ना? मग स्वातंत्र्यसैनिक कसे?" आई सत्त्याऐंशी वर्षांची आहे. तिला साधी खुर्चीही कोणी दिली नाही. वर "सोबत्यांची पत्रं आणा" म्हणे. सोबती सगळे मसणात गेले, तिथे झेरॉक्स मिळते का?

पुरे झालं, सरकार. 18 जूनला क्रांतिदिनी आणि 19 डिसेंबरला गोवा मुक्तिदिनी शाल-श्रीफळ द्यायला, फोटो काढायला तुम्हाला माणसं बरोबर सापडतात. मग कागदही तुम्हीच शोधा! पुराभिलेख पणजीत तुमच्याच ताब्यात, लिस्बनला वकिलात तुमचीच. म्हाताऱ्या बाईला जिने चढायला लावू नका, स्वतः उठा आणि कपाट उघडा.