धनगरवाड्याची वाट

गेल्या रविवारी दादाचा फोन आला तो चिडलेलाच. आमच्या पाटण तालुक्यातल्या गावी गायरानात सौर प्रकल्प यायचाय आणि ग्रामसभेत लोकांनी हरकत घेतली. "अडाणी माणसं," दादा म्हणाला. "शेतीला दिवसा वीज मिळणार, तर हे म्हणतात गुरं कुठं चारायची! तू डेन्मार्कला, पवनचक्क्यांच्या देशात राहतेस. तूच सांग यांना."

सांगते. पण दादाला हवं ते नाही.

हरकत घेणाऱ्यांनी विचारलं काय? मोजणी आधी आणि सभा मागाहून का? धनगरवाड्याची वाट कुंपणात जाणार का? शाळेमागचा मुरमाड तुकडा का नाही घेतला? यात सौर ऊर्जेला विरोध कुठं आहे? अडाणी हा शब्द मला तेव्हापासून टोचतोय.

दोन वर्षांपूर्वी माझ्या ई-बॉक्समध्ये, म्हणजे सरकारी पत्रं येतात त्या डिजिटल पेटीत, कोमूनचं, इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं. गावाबाहेरच्या शेतांत सोलर पॅनेल बसवायची होती. हरकतींना आठ आठवडे दिले होते. सभागृहात कॉफी पीत बसलो होतो, तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं उठून नकाशावर हरणांची वाट पेन्सिलीनं काढून दाखवली. आराखड्यात ती मोकळी सोडली गेली. हरणाच्या वाटेला इथं एवढा मान, आणि आमच्या धनगरानं वाटेचं विचारलं की तो अडाणी?

दादा म्हणतो, तिकडचे लोक शिकलेले, ते विरोध करत नाहीत. करतात. खेड्यांतले लोक या पॅनेलना 'लोखंडाची शेतं' म्हणतात, त्यावर निवडणुकीत भाषणं झाली. पवनचक्कीच्या उंचीच्या चौपट अंतराच्या आत घर चालत नाही, हा नियमही शेजाऱ्यांच्या त्रासापोटीच आहे. 2009 पासून नव्या चक्कीचा किमान 20 टक्के हिस्सा आधी साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना विकत देऊ करावा लागे. 2020 मध्ये ते बंद झालं, आता जवळच्या घरांना दरवर्षी बोनस मिळतो. कोपनहेगनजवळ समुद्रात 2000 साली उभ्या राहिलेल्या मिडलग्रुंडनच्या 20 चक्क्यांपैकी निम्म्या तर सामान्य लोकांच्या सहकारी संस्थेच्या आहेत. ऊस आणि दूध सहकारानं उभं केलेल्या सातारा-सांगलीला हे नवं वाटायचं कारण नाही.

आपल्याकडे मोठं धरण किंवा औष्णिक प्रकल्प आला तर जनसुनावणी होते. पण ती ज्या 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेमुळं होते, तिच्या यादीत पवन आणि सौर प्रकल्प नाहीतच. मग गावानं बोलायचं कुठं? ग्रामसभेतच. तिथं बोललेल्यालाही दादासारखा भला माणूस अडाणी म्हणत असेल, तर ठरावावरच्या सह्या-अंगठ्यांना अर्थ काय उरला? ग्रामपंचायतीला अनुदान मिळेल, ते चांगलंच. पण ज्याच्या चार म्हशी गायरानावर जगतात त्याच्या दावणीत ते पडत नाही.

एवढं सगळं मी दादाला ऐकवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सड्यावरची जमीन आठवते का?"

आठवते. वनकुसवडे, चाळकेवाडीकडं पवनचक्क्या आल्या त्या काळात नानांनी सड्यावरची चार एकर विकली. भाव काय, वाट कुठून जाणार, कुणी काही विचारलं नाही. सही कुठं करायची तेवढं दाखवलं. त्या पैशांतून कराडला माझी इंजिनीअरिंगची फी भरली. दादा बारावीनंतर घरी राहिला. मी ज्या पदवीच्या जोरावर इथल्या सभेत हात वर करून बोलते, ती त्या न विचारता गेलेल्या जमिनीतून आली आहे. दादाला हे बोलून दाखवायची वेळ मी आणली, याचं वाईट वाटलं.

"तू कधी बसलीस आपल्या ग्रामसभेत?" त्यानं विचारलं. एकदाही नाही. सुट्टीत येते तेव्हा काकडी, ताक आणि आईजवळ झोपणं, यातच दिवस जातात. कोमूनला मी चार पानी हरकत लिहिली, गावच्या ग्रामसेवकाचं नावही मला माहीत नाही.

पुढची सभा कधी, विचारलं. गणपूर्ती नव्हती म्हणून तहकूब झालीय, तारीख कळवतो म्हणाला. गायरानाचा गट नंबर आणि नकाशा पाठव, एवढं मी त्याला सांगितलं. वाटेची पेन्सिल-रेघ त्यावर कुणी काढायची, हे मात्र धनगरवाड्यातल्या माणसालाच विचार म्हटलं. दादा हो म्हणाला. तिकीट मी अजून काढलेलं नाही.