मशेरीबद्दल फिरणाऱ्या मेसेजबाबत खुलासा

हडपसर, कात्रजकडच्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की तंबाखू तव्यावर भाजून मशेरी केली की त्यातलं निकोटीन जळून जातं, मग ती नुसती दातांची पावडर उरते, गरोदर बाईलाही चालते. हे खरं नाहीये.

मशेरी म्हणजे तंबाखूच. काळी होईपर्यंत भाजली तरी निकोटीन बऱ्यापैकी उरतं, आणि हिरडीवर बोटाने घासून तसंच तोंडात धरून बसलं की ते तिथूनच थेट रक्तात जातं, धूर लागतच नाही. मेंदूत ते डोपामिन (बरं वाटायला लावणारं रसायन) सोडायला लावतं आणि हळूहळू मेंदूला त्याची सवय होते. म्हणून तर कितीतरी मावश्या सांगतात की सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं, चिडचिड होते, आणि त्यांना वाटतं मशेरी औषध आहे, पण रात्रभरात निकोटीन उतरलेलं असतं त्याचा हा त्रास असतो. यात मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नाही, कृपया कुणाला तसं बोलू नका.

धूर नसलेली तंबाखूही कॅन्सर करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ती पहिल्या गटात टाकलीये, म्हणजे ज्यांनी माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय अशा गोष्टींच्या गटात. आणि गरोदरपणात तर निकोटीन वारेतून बाळापर्यंत पोचतं, बाळाचं वजन कमी भरू शकतं, मेसेजमधला सगळ्यात घातक भाग हाच आहे.

सोडल्यावर पहिला आठवडा जड जातो, मग तीन-चार आठवड्यांत बराचसा त्रास ओसरतो. सरकारी क्विटलाइन आहे, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारा फोन नंबर, १८००-११-२३५६, फुकट. तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.